नंबराचा थाट, नंबराचा भाव

पालघर जिल्ह्यातल्या साखरशेत गावात कुणी नवी मोटारसायकल घेतली, तर पाटीवर वसई आरटीओचा एमएच ४८ येतो. तालुक्यातल्या जुन्या गाड्या अजून ठाण्याचा एमएच ०४ मिरवतात. ही अक्षरं आपल्या हातात नाहीत. शेवटचे आकडे मात्र पैसे मोजून निवडता येतात. ऑगस्ट २०२४ अखेरीस राज्याने हे दर वाढवले. चारचाकीला ०००१ हवा असेल तर ३ लाखांऐवजी ५ लाख, मुंबई-पुण्यासारख्या मागणीच्या ठिकाणी ६ लाख. दुचाकीला हाच नंबर १ लाखाला. म्हणजे साध्या गाडीपेक्षा नंबर महाग!

ब्रिटनमध्ये नावासारखी वाचता येणारी पाटी रीतसर विकत मिळते. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून हौस आकड्यांवरच भागते. ४१४१ चा 'दादा' सगळ्यांच्या ओळखीचा: इंग्रजी चार जरा वळवला की 'द', शेजारचा एक म्हणजे काना. तसाच २१४ चा 'राम'. डोकं भारी चालवलंय, यात शंका नाही. पण मोटार वाहन नियमांत ते बसत नाही, आणि बसूही नये. धडक देऊन पळालेल्या 'दादा'चा नंबर बघणाऱ्याने सांगायचा कसा?

१ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी बसवूनच मिळते: अॅल्युमिनियमचा पत्रा, चक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक. राज्यात जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली. दुचाकीला ४५० रुपये, वर जीएसटी. 'दादा' लिहायला आता मागची काच आणि मडगार्ड उरलंय.