नवी पिले जुन्या कोंबड्यांत कशी सोडावीत?



भिवंडी तालुक्यात भातशेतीच्या जोडीला परसात दहा-वीस कोंबड्या पाळणारी घरे पुष्कळ आहेत. कोंबड्या दोन-अडीच वर्षांच्या झाल्या की अंडी घटतात आणि घरची बाई नवी पिले आणते. महिना-दोन महिने जिवापाड जपते. मग एके दिवशी सकाळी डालगे उचलून सगळी पिले मोठ्या कोंबड्यांत सोडली जातात. संध्याकाळपर्यंत दोन-चार पिलांची डोकी फुटतात, बाकीची भेदरून कुंपणाखाली बसतात, दाण्यापर्यंत पोचतच नाहीत. पिलांची किंमत, खाद्याचा खर्च आणि दोन महिन्यांची मेहनत वाया जाते. यात नशिबाचा दोष नाही. पिले सोडण्याची रीत चुकते, एवढेच.

कोंबड्या का टोचतात?

कोंबड्यांत मानपान ठरलेले असते. दाण्यावर पहिली कोण, दुसरी कोण, हे त्यांनी टोचाटोची करूनच ठरवलेले असते. नॉर्वेचे अभ्यासक श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२२ मध्ये ही गोष्ट शास्त्रीय रीतीने मांडली. नवा पक्षी आला की हा क्रम पुन्हा लावावा लागतो. बरोबरीची तलंग असेल तर ती दोन टोचा खाईल, एक देईल आणि आपली जागा धरेल. लहान पिलाला मात्र लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. म्हणून तीन गोष्टी सांभाळा : पिलाचे वय, आधीची ओळख आणि पळायला जागा.

कोणत्या वयात सोडावीत?

निदान १२ आठवडे पुरे होऊ द्या. अंगाने मोठ्या कोंबडीच्या जवळपास आलेली तलंग सहसा टिकते. सरकारी योजनेतून किंवा बाजारातून आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा आणल्या, तरी त्याच दिवशी कळपात सोडू नका. तीन आठवडे वेगळ्या ठेवा.

रोगाचा धोका

वरून धडधाकट दिसणारी जुनी कोंबडीसुद्धा रोगाचे जंतू बाळगून असू शकते. तिला काही होत नाही, पण तिच्या विष्ठेतून पिलांना रक्ती हगवण लागते. बाहेरून आणलेल्या तलंगांकडून उलट जुन्या कोंबड्यांना रोग लागू शकतो. म्हणून घरी वाढवलेल्या पिलांचे दाणापाणी आधी करावे, मग मोठ्या कोंबड्यांचे. विकत आणलेल्या तलंगांचे काम मात्र सर्वांत शेवटी करावे आणि हातपाय धुवावेत.

मानमोडीची लासोटा लस पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा चौथ्या आठवड्यात, देवीची लस सहा-सात आठवड्यांना आणि मानमोडीची टोचायची लस आठ ते दहा आठवड्यांना द्यावी. नेमके दिवस जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. शेवटची लस दिल्यावर दोन आठवडे जाऊ द्या आणि मगच पिले मिसळा. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेजारच्या शहापूर तालुक्यात वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला होता. कळपात अचानक मरतूक दिसली तर पक्षी मिसळू नका, विकूही नका. लगेच दवाखान्यात कळवा.

मिसळण्याची रीत

१. खुराड्यात किंवा परसात बारीक तारेची जाळी लावून दोन भाग करा. एका बाजूला तलंगा, दुसऱ्या बाजूला कोंबड्या. दोघींचे दाणापाणी वेगळे. आठ-दहा दिवस एकमेकींना बघू द्या.

२. त्यानंतर दोन-तीन दिवस दुपारी, कोंबड्यांची पोटे भरलेली असताना, सर्वांना तासभर मोकळ्या परसात एकत्र सोडा. तुम्ही तिथेच थांबा.

३. मग एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, तलंगा कोंबड्यांशेजारी दांडीवर बसवा. रात्री कोंबड्यांना दिसत नाही, त्या भांडत नाहीत. पहाटे त्या खाली उतरण्याआधी तुम्ही हजर असा.

४. एकटे-दुकटे पिलू कधीही सोडू नका. सगळी एकदम सोडा, म्हणजे मार एकाच्या वाट्याला येत नाही.

५. दाण्याची आणि पाण्याची दोन भांडी जास्त ठेवा, तीही एकमेकांपासून लांब. पेंढ्याचे भारे, भिंतीला टेकवलेली फळी, विटांवर उचलून ठेवलेले डालगे असा आडोसा करा. तलंग आत शिरेल, पण मोठी कोंबडी अडेल, एवढीच फट ठेवा.

६. गर्दी टाळा. खुराड्यात दर कोंबडीस दोन ते अडीच चौरस फूट जागा हवी.

खाद्य

अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात सुमारे साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. वाढत्या पिलाला एक टक्का पुरते. जास्त कॅल्शियमने पिलांची मूत्रपिंडे बिघडतात. तेव्हा सर्व एकत्र असताना सगळ्यांना वाढीचे खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. अंडी देणारी कोंबडी आपल्या गरजेपुरता चुरा खाते.

पहिले तीन दिवस लक्ष ठेवा

एखादी टोच, थोडी धावपळ चालायचीच. मध्ये पडू नका. पण रक्त आले तर ते पिलू ताबडतोब बाजूला काढा. लाल रंग बघून बाकीच्याही टोचू लागतात. जखम धुऊन, पूर्ण भरल्यावरच परत सोडा. संध्याकाळी प्रत्येक तलंगेच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपून बघा. ती रिकामी लागली तर तिला कोणी खाऊ देत नाही असे समजा. एकच कोंबडी सर्वांना छळत असेल तर पिलांना न हलवता तिलाच तीन-चार दिवस वेगळी कोंडा. परत आल्यावर तीच नवखी ठरते आणि तिचा तोरा उतरतो.

खुडूक कोंबडी असेल तर

दोन आठवडे अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी असेल, तर रात्री अंडी काढून तिच्या पोटाखाली एक-दोन दिवसांची दहा-बारा पिले सरकवा. सकाळी तिने ती जवळ घेतली का, ते बघा. टोचू लागली तर पिले काढून घ्या. आई आणि पिले पहिले दहा दिवस कळपापासून वेगळी ठेवा. पुढे तीच त्यांना कळपात फिरवते आणि आडवी येणाऱ्या कोंबडीला हुसकावते.

हंगाम

आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस जोराचा. ओल्या गादीत रक्ती हगवण फार फैलावते. म्हणून दसऱ्याच्या सुमारास पिले आणा, म्हणजे संक्रांतीच्या आसपास ती कळपात सोडण्याजोगी होतात. भाताच्या तुसाची गादी कोरडी ठेवा. आठवड्यातून दोनदा उलटीपालटी करा आणि ओला भाग काढून टाका.

जाळीला थोडा पैसा लागतो. पण एकदा घेतलेली जाळी दरवर्षी नव्या पिलांसाठी कामाला येते.