दोन ओळींचा दिवस

सकाळी ६:३०

पुण्यात उजाडतं तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्या इथल्या माणसाचा दिवस या घड्याळावर बेतलेला असतो. तिकडच्यांनी दिवसभरात लिहिलेली उत्तरं रात्रीत येऊन पडलेली असतात, युरोप अजून झोपेत असतो. चहा होईपर्यंत मी फक्त वाचतो, उत्तर कुणालाच देत नाही.

आजचं पहिलं पत्र माणसाचं नाही. इंटेलची एक स्वयंचलित व्यवस्था लोकांनी पाठवलेले पॅच, म्हणजे कोडमधले बदल, उचलते, निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी कर्नल बांधून बघते आणि कुठे अडलं तर कळवते. एका सहकाऱ्याच्या पॅचमध्ये आकडा छापण्यासाठी वापरलेलं चिन्ह ६४ बिटी यंत्रावर चालतं, ३२ बिटीवर इशारा देतं. एका अक्षराचा बदल. त्याला कळवून पुढे सरकलो.

दुसरं पत्र मात्र दोनदा वाचलं. यूएसबीने जोडायच्या एका मोजमाप-यंत्राचा छोटा ड्रायव्हर मी सांभाळतो. तो वापरणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कुणी लिहिलंय की नोंदी चालू असताना केबल निसटली तर कधी कधी अख्खा संगणक गोठतो. नेहमी नाही, कधी कधी. सोबत कर्नलची आवृत्ती, लॉगच्या शेवटच्या ओळी आणि लॅपटॉपचं पोर्ट सैल असल्याची माहिती. इतकं नेटकं पत्र क्वचित येतं. ते लिहिणाऱ्याने निम्मं काम करून ठेवलेलं असतं, असं मी मनापासून मानतो.

सकाळी ८:००

घरी शांतता असते तोवर कोड वाचून घ्यायचा, हा माझा नेम. संगणक चालू न करता छापील कागदावर वाचलेलं अधिक लागू पडतं, निदान मला तरी.

ड्रायव्हरचं काम सरळ आहे. तो यूएसबीकडे 'माप आलं की दे' अशी विनंती ठेवतो. कर्नलमध्ये तिला युआरबी म्हणतात. माप आलं की तो ते घेतो आणि तीच विनंती पुन्हा ठेवतो. मापाऐवजी चूक परत आली तर थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करण्याचं काम रांगेत लावतो: शंभर मिलिसेकंदांनी हे कर. आणि उपकरण निघाल्याची खबर आली की चालू विनंती मारतो, घेतलेली मेमरी परत करतो आणि संपवतो.

खोच इथेच आहे. केबल निघणं आणि ती निघाल्याचं कर्नलच्या लक्षात येणं, या दोहोंमध्ये थोडा वेळ जातो. त्या मधल्या वेळात विनंतीला प्रोटोकॉलची चूक परत येते. ई-प्रोटो, क्रमांक ७१. ड्रायव्हर समजतो की अडचण तात्पुरती आहे, आणि शंभर मिलिसेकंदांनंतरचं काम रांगेत लावतो. तेवढ्यात उपकरण निघाल्याची खबर येते आणि मेमरी परत जाते. रांगेतलं काम मात्र तसंच उभं असतं. वेळ झाली की ते उठतं आणि आता आपली नसलेल्या मेमरीत हात घालतं. भाडेकरूने घर सोडलं, किल्ली दिली, तिथे नवं बिऱ्हाड आलं, आणि जुन्या भाडेकरूच्या माणसाने स्वतःजवळ राहिलेल्या दुसऱ्या किल्लीने दार उघडावं, तसं हे आहे. नवं बिऱ्हाड आलेलं नसेल तर काही बिघडत नाही. आलं असेल तर कुणाचं काय विस्कटेल, सांगता येत नाही. म्हणून 'कधी कधी'. आणि सैल पोर्टावर अशा चुका सारख्याच येत असल्याने रांगेत बहुतेक वेळी काहीतरी उभं असणारच.

सकाळी १०:३०

बाणेरला ऑफिसात. वाचून पटलेलं कारण अजून सिद्ध झालेलं नसतं, ते घडवून दाखवावं लागतं. यंत्र प्रयोगशाळेत, मी इथे. पण कर्नलमध्येच खोटं यूएसबी उपकरण उभं करण्याची सोय आहे. ते आभासी यंत्रात जोडायचं, चुका पाठवायच्या आणि नेमक्या क्षणी काढून घ्यायचं.

मदतीला कासान. २०१५ साली ४.० आवृत्तीत आलेली ही सोय मेमरीच्या दर आठ बाइटांमागे एक बाइट स्वतःसाठी ठेवते, आणि कुठली जागा वापरायला खुली आहे, कुठली नाही, याची नोंद त्यात करते. परत केलेली मेमरी ती लगेच दुसऱ्याला देत नाही, काही काळ बाजूला ठेवते. त्या काळात कुणी तिला हात लावला की जागेवर पकडते: मेमरी कुणी घेतली, कुणी परत केली, आता कोण शिरलं, तिन्ही ठिकाणं ओळीच्या क्रमांकासकट. कर्नल मंदावतो, पण अशा दिवशी त्याची पर्वा करायची नसते.

तरी पहिल्या काही फेऱ्यांत काहीच घडलं नाही, कारण धोक्याची फट फार अरुंद होती. मग रांगेतलं काम उठणं आणि त्याने मेमरीला हात लावणं, या दोहोंच्या मध्ये मुद्दाम अर्ध्या सेकंदाची झोप घातली. हा आमच्या कामातला जुना आणि प्रामाणिक उपाय आहे: घटना दुर्मीळ असेल तर तिला घडायला जागा करून द्यायची. कासानचा अहवाल आला, आणि सकाळी कागदावर खूण केलेल्याच तीन जागा त्यात होत्या.

हे आलं कुठून, याचाही शोध लागायला हवा. असे शोध एरवी गिट बायसेक्टने घेतात: चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती दाखवायची, तो मधोमधची काढून देतो, आपण चाचणी घ्यायची. एका आवृत्तीत चौदा हजार बदल असले तरी चौदा पायऱ्यांत दोषी सापडतो. पण 'कधी कधी' घडणाऱ्या दोषाला बायसेक्ट लावणं धोक्याचं. एकदा नशिबाने बिघाड झाला नाही, की पुढची सगळी वाट चुकते. इथे कुठली ओळ कुठल्या बदलातून आली हे सांगणारं गिट ब्लेम पुरलं. पुन्हा प्रयत्न करण्याची सोय काही वर्षांपूर्वी कुणीतरी रास्त कारणाने घातली होती: जवळची मोटार सुरू झाली की क्षणभर चूक येई आणि मोजणी कायमची थांबे. तो बदल योग्यच होता. फक्त नवीन काम रांगेत लावताना ते आवरायचं कुठे, एवढं राहून गेलं.

ड्रायव्हरचा बाकीचा सांगाडा त्याहून जुना. तिथे गिट ब्लेम एका भिंतीला जाऊन थडकतं: एप्रिल २००५, २.६.१२-आरसी२. लिनस टॉरवाल्ड्सने गिट लिहिलं आणि कर्नलचा इतिहास त्यात नव्याने सुरू केला, ती ही जागा.

दुपारी १:१५

डबा. नव्याने आलेली सहकारी समोर बसली होती. तिला सकाळपासूनची हकिगत सांगितली.

"मग रांगेतलं काम रद्द करायची एक ओळ घातली की झालं ना, सर?"

"कुठे घालशील?"

"विनंती मारल्यानंतर. मेमरी परत करायच्या आधी."

"विनंती मारलीस. आता रांगेतलं काम रद्द करायला निघालीस, पण ते त्याच क्षणी चालू झालेलं आहे. ते काय करतं?"

ती थांबली. "विनंती पुन्हा ठेवतं."

"आणि क्रम उलटा केला तर?"

"काम रद्द केलं, पण विनंती अजून जिवंत. ती चूक घेऊन परत आली की काम पुन्हा रांगेत." पोळीचा तुकडा हातातच राहिला. "म्हणजे दोघं एकमेकांना उठवत राहणार. कुठल्याही क्रमाने."

याचसाठी कर्नलमध्ये 'पॉयझन' नावाची क्रिया आहे. 'किल' विनंतीला फक्त मारते, नंतर ती पुन्हा ठेवता येते. 'पॉयझन' मारते आणि पुढे ठेवूही देत नाही. आधी पॉयझन, मग रांगेतलं काम रद्द, ते चालू असेल तर संपेपर्यंत थांबणं, आणि मग मेमरी परत. एक ओळ बदलली, एक वाढवली. हे तिचं तिला सुचलं, मी फक्त नाव सांगितलं.

दुपारी ३:००

जर्मनीत आता सकाळ उलटत आलेली. दुरुस्त कर्नलवर झोप तशीच ठेवून चाचणी रात्रीपर्यंत फिरती ठेवली आणि कमिटचा मजकूर लिहायला बसलो. दोन ओळींसाठी तीन परिच्छेद.

कोड काय करतो हे कोडच सांगतो. तो तसा का आहे, हे मजकुरालाच सांगावं लागतं. दहा वर्षांनी कुणीतरी याच ओळीवर गिट ब्लेम चालवेल, आणि मी तिथे नसेन. म्हणून घटनाक्रम लिहायचा: आधी चूक येते, मग काम रांगेत लागतं, मग निघाल्याची खबर. नुसतं 'किल' का पुरत नाही, तेही लिहायचं, नाहीतर कुणी सद्हेतूने ते परत साधं करील. खाली 'फिक्सेस', म्हणजे मूळ बदलाच्या ओळखक्रमांकाची पहिली बारा अक्षरं आणि त्याचं शीर्षक. मग प्रयोगशाळेतल्या त्या माणसाची परवानगी विचारून त्याचं नाव, आणि शेवटी माझी 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ. एससीओ कंपनीने २००३ साली आयबीएमवर खटला भरला, कर्नलमधल्या कोडच्या मालकीचे प्रश्न उठले, आणि २००४ पासून ही सहीची ओळ आली. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, असं त्या ओळीने मी लिहून देतो. ती लिहिताना आजही क्षणभर थांबायला होतं.

पॅचची मांडणी तपासणारा चेकपॅच चालवला, पत्र रवाना.

संध्याकाळी ५:००

दुसऱ्यांचे पॅच तपासायची वेळ. एका विद्यार्थ्याने एका फाइलीतल्या मोकळ्या जागा नीट केल्या आहेत आणि त्याच पॅचमध्ये एक खरा दोषही दुरुस्त केलाय. दुरुस्ती अचूक आहे, पण ती साफसफाईत हरवली आहे. दोन वेगळे पॅच कर, दुरुस्ती आधी, असं सविस्तर लिहिलं. हे नियमासाठी नियम नाही. आधीच निघालेल्या, दुरुस्त्या घेणाऱ्या स्टेबल आवृत्त्यांत जाणारा पॅच आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींपेक्षा मोठा नसावा अशी अट आहे, आणि ती रास्त आहे: दुरुस्ती बरोबर आहे की नाही हे दुसऱ्या माणसाला एका बैठकीत दिसलं पाहिजे.

मोठी कामंही अशीच झाली. १९९६ साली २.० आवृत्तीत एकाहून अधिक प्रोसेसरांची सोय आली, तेव्हा सुरक्षिततेसाठी कर्नलला एकच मोठं कुलूप लावलं गेलं. ते निघालं २०११ मध्ये, २.६.३९ ला. पंधरा वर्षं लोक एकेका ड्रायव्हरमधून, एकेका फाइल सिस्टीममधून ते काढत राहिले, आणि त्या सगळ्या काळात कर्नल चालू होता. नवी सोय आली की तिची बातमी होते. कुलूप काढणाऱ्या त्या शेकडो पॅचांपैकी बहुतेकांची कुठे दखल नाही. माझ्या मते कर्नल उभा आहे तो त्यांच्यावर.

रात्री ९:३०

जेवण उरकून पुन्हा बसलो. युरोपातून उत्तर आलं होतं: विचार बरोबर आहे, पण पॉयझननंतर रांगेतलं काम विनंती ठेवायला गेलं तर 'परवानगी नाही' ही चूक येईल, आणि ड्रायव्हर ती लॉगमध्ये छापील. केबल काढणाऱ्याला विनाकारण भीती वाटेल. ती चूक गप्प ठेवता येईल का? येईल. एक अट वाढवली, दुसरी आवृत्ती पाठवली. चाचणी अजून फिरत होती, कासान शांत होता. तासाभरात तपासून पसंत केल्याचं 'रिव्ह्यूड-बाय' आलं.

इथून पुढची वाट माझ्या हातात नाही. पॅच यूएसबीचा भाग सांभाळणाऱ्या मेंटेनरकडे जाईल, लिनक्स-नेक्स्टमध्ये बाकीच्यांच्या बदलांबरोबर बांधला जाईल, मग टॉरवाल्ड्सकडे. तो रविवारी पोर्टलंडहून आरसी, म्हणजे येणाऱ्या आवृत्तीची चाचणी-प्रत, काढतो, तेव्हा आपल्याकडे सोमवार उजाडत असतो. मुख्य कर्नलमध्ये शिरल्यावरच ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि साशा लेविन तो जुन्या स्टेबल आवृत्त्यांत घेतील, आणि कधीतरी तो प्रयोगशाळेतल्या लॅपटॉपवर पोचेल.

तुमच्याकडे एखादा जुना संगणक, वेगळा प्रिंटर, कुणाकडे नसलेलं कार्ड असं काही असेल, तर त्यावर पुढची आरसी जरूर चालवून बघा. काही बिघडलं तर आवृत्तीचा क्रमांक, लॉग आणि त्या वेळी नेमकं काय करत होता, एवढं लिहून मेंटेनरला पाठवा. त्यासाठी सी भाषा यावी लागत नाही.