बोगदा आहे, पण कुलूप आहे का?

"सर्व्हर ओव्हरलेवर टाकलेत, आता सगळं एन्क्रिप्टेड." लिनक्स सांभाळणाऱ्यांकडून हे सर्रास ऐकू येतं. ओव्हरले म्हणजे असलेल्या नेटवर्कवर रचलेलं आभासी नेटवर्क. एक पॅकेट दुसऱ्याच्या पोटात घालून पाठवायचं, इतकंच; हाच तो बोगदा. एन्क्रिप्शन वेगळं. वायरगार्ड हे व्हीपीएन ते करतं. व्हीएक्सलॅन या ओव्हरलेच्या प्रकाराने व्हीलॅनची ४०९४ नेटवर्कांची मर्यादा सुमारे १ कोटी ६७ लाखांवर नेली, पण त्यातला डेटा उघडाच जातो. डॉकर स्वॉर्मच्या ओव्हरलेतही मुद्दाम पर्याय दिल्याशिवाय कंटेनरांमधला डेटा एन्क्रिप्ट होत नाही.

वायरगार्ड फक्त लिनक्सचं, हेही खरं नाही. २०२० मध्ये ते लिनक्स ५.६ च्या कर्नलमध्ये आलं आणि त्याच वर्षी ओपनबीएसडीतही.

पुढचा समज: "दोन्ही टोकांना पब्लिक आयपी हवा." एका टोकाला पुरतो. आपल्याकडे घरगुती फायबरवर अनेकदा सीजीनॅट असतं, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला; बाहेरून आत शिरताच येत नाही. मग भाड्याच्या छोट्या व्हीपीएसकडे घरच्या मशीननेच जोडणी करायची आणि कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवायचा. नॅटमधली नोंद जिवंत राहते. रात्रीचा बॅकअप घरी उतरवायला एवढं बस्स.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो हा समज: "पिंग लागतो, म्हणजे बोगदा ठीक." लिनक्सवर साधा पिंग ८४ बाइटचा. लॉगिन होतं, छोटी फाइल जाते, आरसिंक मात्र मध्येच गोठतं आणि बिचाऱ्या डिस्कवर संशय जातो. गणित असं: वायरगार्ड आयपीव्ही४ वर ६० बाइट वाढवतं, आयपीव्ही६ वर ८०; म्हणून १५०० च्या लाइनवर त्याचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, सहसा १४२०. पण पीपीपीओई लाइन १४९२ चीच असते. आयपीव्ही६ वरून १४२० अधिक ८० म्हणजे १५००, मावत नाही. राउटर पॅकेट टाकून देतो आणि ते कळवणारा आयसीएमपी संदेश फायरवॉलने अडवला, तर पाठवणाऱ्याला पत्ताच नाही. पॅकेट तोडू नको असं सांगून बोगद्यातून १३९२ बाइट डेटाचा (हेडर वेगळे) पिंग करून पाहा. तो अडकला आणि १३८४ चा गेला, तर एमटीयू १४१२ करा. आत व्हीएक्सलॅन असेल तर त्यासाठी आणखी ५० वजा.

शेवटचा समज, "ओव्हरलेत आला तो आपला", मला सर्वांत घातक वाटतो. वायरगार्ड कोणती की कोणत्या पत्त्याची एवढं तपासतं. पोर्ट अडवणं त्याचं काम नाही. पोस्टग्रेस फक्त ओव्हरलेच्या पत्त्यावर ऐकू द्या, पुढे लिनक्सवर एनएफटेबल्सचा किंवा ओपनबीएसडीवर पीएफचा फायरवॉल नियम लावा. आणि विकलेल्या लॅपटॉपची की सर्व्हरच्या यादीत अजून असेल, तर ती आजच काढा.