तळपायांची आग: बी-१२ कमी आहे की आणखी काही?

रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात, चालताना कापसावर पाय पडल्यासारखे वाटते. व्हिटॅमिन बी-१२ कमी पडले की मज्जातंतूंवरचे आवरण झिजते आणि असा त्रास होतो. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. भात-भाजीत ते नसते. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींतही ते घटते.

पण चंद्रपूर-गडचिरोलीत मुंग्या आल्या म्हणून लगेच दुकानातून बी-१२च्या गोळ्या आणू नका. वरोऱ्याचे आनंदवन ज्या रोगासाठी उभे राहिले, तो कुष्ठरोग इथे अजूनही आढळतो. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असेल तर आधी तो दाखवा. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडमुळे बी-६ कमी होऊनही अशीच आग होते. तेव्हा क्षयाच्या गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना बी-६बद्दल विचारा.

तपासणीत बी-१२ कमी निघाले तर बहुधा आधी इंजेक्शने देतात. नुसते फॉलिक ॲसिड घेऊ नका. त्याने रक्त सुधारते, मज्जातंतू मात्र बिघडत राहतात. आराम पडायला काही आठवडे, कधी सहा महिनेही लागतात. दुखणे जुने असेल तर थोडा बधिरपणा राहून जातो. तोवर झोप लागावी म्हणून डॉक्टर अमिट्रिप्टिलिनसारखे औषध देऊ शकतात. अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही. मोहाची दारू सोडाच. बधिर पाय शेकोटीजवळ धरू नका, जंगलात अनवाणी जाऊ नका, रोज रात्री तळवे बघा. तोल जाऊ लागला किंवा पायातला जोर कमी झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठा.