भावाच्या बदल्यात भाऊ

२ फेब्रुवारी २०२५ हा रविवार होता, म्हणजे आमच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये फीस्टचा वार. वाट्यांमध्ये श्रीखंड वाढले जात होते. इतक्यात माझा खोलीतला जोडीदार हातात मोबाईल नाचवीत आत शिरला आणि पानावर न बसता उभ्यानेच ओरडला, "अरे, डॉन्चिचला विकला रे! लुटलं आपल्याला!"

'आपल्याला' म्हणजे डल्लासला. आमचा हा मित्र कधी पुणे ओलांडून गेलेला नाही, पण अमेरिकेतील डल्लास मॅव्हरिक्स या बास्केटबॉल संघावर त्याचा जीव आहे. त्या संघाने ऐन हंगामात आपला पंचवीस वर्षांचा हुकमी खेळाडू लुका डॉन्चिच लॉस एंजल्स लेकर्सला दिला होता आणि बदल्यात मुख्यतः अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी हा तरुण खेळाडू आणि २०२९ सालच्या निवडीचा एक हक्क घेतला होता. त्या दिवशी श्रीखंड कोणाच्या वाट्याला किती आले हे कोणी पाहिले नाही. आम्ही आठदहा बास्केटबॉलवेडे एकाच टेबलावर भांडत बसलो. मीही 'लुटलं' असे म्हणणाऱ्यांतच होतो, हे आधीच कबूल करतो.

संध्याकाळी कोर्टावर क्रीडाशिक्षक सर भेटले. आमची बाजू ऐकून ते एवढेच म्हणाले, "पाऊ गासोलच्या वेळी अगदी हेच बोलत होते सगळे. तुम्ही तेव्हा रांगत असाल. जरा पाहा पुढे काय झालं ते." सरांच्या या एका वाक्यापायी माझी सत्रान्त परीक्षेच्या अभ्यासाची कितीतरी रात्र वाया गेली. त्या जागरणाचे फळ म्हणजे हा लेख.

ज्या वाचकांना या खेळाचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या एन. बी. ए. या संघटनेत तीस संघ आहेत. प्रत्येक संघ ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ब्याऐंशी सामने खेळतो आणि मग वरचे संघ बाद फेरीत झुंजतात. फेब्रुवारीतील एका ठराविक दिवसापर्यंत संघांना आपापसात खेळाडूंची अदलाबदल करता येते. हाच तो 'ट्रेड'. आपल्याकडे आय. पी. एल.चा लिलाव सर्वांना ठाऊक असतो. तिथे बोली लावली, पैसे मोजले की खेळाडू आपला. हार्दिक पांड्या नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातकडून मुंबईकडे परत आला आणि पुढच्या हंगामात वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, हेही आपण पाहिले. पण अमेरिकेतील अदलाबदल याहून गुंतागुंतीची असते. तिथे पैशापेक्षा खेळाडूच्या बदल्यात खेळाडू द्यावे लागतात, किंवा पुढील वर्षांच्या 'ड्राफ्ट'मधील हक्क द्यावे लागतात. ड्राफ्ट म्हणजे नव्या दमाच्या खेळाडूंची दरवर्षी होणारी पाळीपाळीने निवड. दुबळ्या संघांना त्यात आधी निवडता येते. हा हक्क शेतातल्या उभ्या पिकासारखा असतो: दाणा भरेल की नाही हे कोणालाच ठाऊक नसते, तरी त्यावर उचल मिळते.

आता सरांच्या उदाहरणाकडे येतो.

स्पेनचा पाऊ गासोल २००१ साली ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि मेम्फिस ग्रिझलीजकडे आला. हा संघही त्याच वर्षी कॅनडातील व्हँकूव्हरहून मेम्फिसला आलेला. म्हणजे त्या गावात संघ आणि पाऊ एकाच वयाचे. पहिल्याच हंगामात तो वर्षातील सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याच्याबरोबर त्याचे आईवडील आणि धाकटा भाऊ मार्क हेही मेम्फिसला राहायला आले. मार्क तिथल्याच शाळेत शिकला, शाळेच्या संघातून खेळला आणि मग स्पेनला परतला. अंगाने तो तेव्हा चांगलाच स्थूल होता.

२००४, २००५ आणि २००६ अशी सलग तीन वर्षे पाऊने मेम्फिसला बाद फेरीत नेले. तिन्ही वेळा संघ ०-४ असा हरला. बारा सामने, बारा पराभव! त्यानंतर २००६-०७ मध्ये ब्याऐंशीपैकी अवघे बावीस विजय. २००७-०८ मध्येही चिन्हे तीच होती.

तिकडे लेकर्सची अडचण निराळी होती. कोबी ब्रायंटसारखा मोहरा हाताशी, पण त्याला साथ नाही. २००७ च्या उन्हाळ्यात त्याने तर 'मला दुसरीकडे पाठवा' असे उघड सांगून टाकले होते. संघ सावरतो आहे असे वाटू लागले तोच १३ जानेवारी २००८ रोजी त्यांचा तरुण सेंटर अँड्र्यू बायनम गुडघा दुखावून बसला. गंमत अशी, की तो सामना मेम्फिसविरुद्धच होता.

१ फेब्रुवारी २००८ रोजी बातमी आली: पाऊ गासोल लेकर्सकडे. बदल्यात मेम्फिसला काय मिळाले? क्वामे ब्राऊन, जव्हारिस क्रिटेंटन, एरन मॅकी, २००८ आणि २०१० च्या पहिल्या फेरीतील निवडीचे दोन हक्क, आणि मार्क गासोल या खेळाडूचे हक्क. लेकर्सने मार्कला २००७ साली अठ्ठेचाळिसाव्या क्रमांकावर निवडून स्पेनमध्येच ठेवले होते.

ही यादी वाचून मेम्फिसच्या चाहत्यांना काय वाटले असेल, हे आमच्या खोलीमित्राचा चेहरा पाहिल्यावर मला कळले. क्वामे ब्राऊन हा २००१ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला, म्हणजे पाऊच्याही आधी. पण सात वर्षांत त्याच्या नावावर निराशेखेरीज फारसे काही जमा नव्हते. एरन मॅकीची कथा तर त्याहून मौजेची. तो खेळणे थांबवून फिलाडेल्फियात प्रशिक्षकांच्या हाताखाली काम करू लागला होता. लेकर्सने केवळ या व्यवहारासाठी त्याच्याशी करार केला, आणि मेम्फिसकडून तो एकही सामना खेळला नाही.

मग त्याला घेतले कशाला? इथे हिशेबाची बाब येते, आणि अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून तिच्यावर थोडे रेंगाळण्याचा मोह मला आवरत नाही. संघाने पगारावर किती खर्च करावा याची मर्यादा दरवर्षी ठरते. २००७-०८ साठी ती सुमारे ५ कोटी ५६ लाख डॉलर होती. ही मर्यादा काही सवलतींखाली ओलांडता येते. परंतु ओलांडलेल्या संघाला बाहेरून पगारदार माणूस आणायचा, तर आपण देतो त्या पगाराच्या सव्वापट अधिक एक लाख डॉलर, इतक्यापर्यंतच आणता येई. पाऊचा त्या वर्षीचा पगार १ कोटी ३७ लाखांच्या घरात, क्वामेचा ९० लाखांच्या. नव्वद लाखांची सव्वापट केली तरी आकडा पुरत नाही. तो पुरा करण्यासाठी क्रिटेंटन आणि मॅकी. बिचारा मॅकी ताजव्यात टाकलेल्या पासंगासारखा त्या व्यवहारात आला!

मेम्फिसच्या दृष्टीने क्वामेची खरी किंमत त्याच्या खेळात नव्हतीच. त्याचा करार त्याच उन्हाळ्यात संपत होता, उलट पाऊचा करार आणखी तीन वर्षे चालणार होता आणि दरवर्षी वाढत जाणार होता. म्हणजे मेम्फिसने खेळाडू देऊन मोकळीक घेतली. बावीस सामने जिंकणारा संघ आणखी तीन वर्षे बावीस-तीसच जिंकणार असेल, तर त्याने सर्वांत महाग माणूस जवळ का ठेवावा, हा मुद्दा अगदीच गैरलागू नाही. परंतु चाहता तिकीट काढतो ते पगाराची मोकळीक पाहायला नव्हे, हेही तितकेच खरे. २००७-०८ चा हंगाम मेम्फिसने पुन्हा २२ विजय आणि ६० पराभव असाच संपवला. क्वामे उन्हाळ्यात निघून गेला. त्या वर्षी ज्यांनी घरच्या मैदानावर रिकाम्या खुर्च्यांशेजारी बसून सामने पाहिले, त्यांना 'दूरवरचे पाहा' असा उपदेश करण्याची माझी तरी छाती नाही.

लेकर्सकडे मात्र दिवाळी होती. नियमित हंगामात पाऊ ज्या सत्तावीस सामन्यांत खेळला त्यांपैकी बावीस त्यांनी जिंकले. त्या वर्षी ते अंतिम फेरीत बॉस्टनकडून हरले, पण २००९ मध्ये ओरलँडोला आणि २०१० मध्ये बॉस्टनलाच हरवून दोनदा अजिंक्य ठरले. २०१० च्या निर्णायक सातव्या सामन्यात पाऊचे १९ गुण आणि १८ रिबाउंड आहेत. सान अँटोनिओ स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी तर सौदा झाला तेव्हाच जाहीर नाराजी दाखवली होती. असले व्यवहार तपासायला एखादी समितीच हवी, असा त्यांचा टोला होता.

इथवर वाचून मी वही मिटणार होतो. सर चुकले, लूटच होती, असे मनाशी ठरवूनही टाकले होते. पण वहीत एक नाव उरले होते.

मार्क गासोल. ज्या मोसमात त्याचे हक्क मेम्फिसला मिळाले, त्याच मोसमात तो स्पेनच्या मुख्य लीगमध्ये जिरोनाकडून खेळून सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००६ साली जगज्जेत्या झालेल्या स्पेनच्या संघातही तो होता. मग तो 'कोणी एक धाकटा भाऊ' कसा? युरोपातील खेळ पाहणाऱ्यांना तो ठाऊक होता. अमेरिकेतील चाहत्यांनी अठ्ठेचाळिसावा क्रमांक पाहिला आणि पुढे वाचलेच नाही. २००८ च्या उन्हाळ्यात तो मेम्फिसला आला, म्हणजे एका अर्थाने शाळेच्या गावी परतला. पुढे माईक कॉन्ली, झॅक रँडॉल्फ, टोनी ॲलन असे सवंगडी जमत गेले. निवडीच्या दोन हक्कांपैकी २००८ च्या हक्कातून फिरत फिरत डॅरेल आर्थर हाती आला आणि २०१० च्या हक्कातून ग्रेविस वास्केझ.

२०११ च्या बाद फेरीत मेम्फिस आठव्या क्रमांकाने शिरला. समोर पहिल्या क्रमांकाचा संघ होता, ६१ सामने जिंकून आलेला. तो संघ कोणता? पोपोविच यांचा सान अँटोनिओ स्पर्स! मेम्फिसने मालिका ४-२ अशी जिंकली. त्यातील पहिला विजय हा त्या संघाच्या इतिहासातील बाद फेरीचा पहिलाच विजय. मार्क, आर्थर, वास्केझ, तिघेही त्या मालिकेत खेळले. ज्या सौद्याची चौकशी व्हावी असे पोपोविच यांना वाटत होते, त्याच सौद्याने तीन वर्षांनी त्यांना घरी बसवले. हे वाचताना मी रात्री अडीच वाजता एकटाच मोठ्याने हसलो, आणि खोलीमित्राची उशी खाल्ली.

२०१३ मध्ये मार्क लीगमधील सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि मेम्फिस पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत गेला. २०१५ च्या ऑल-स्टार सामन्यात पहिला चेंडू उडाला तेव्हा तो टिपायला समोरासमोर उडी मारणारे दोघे होते पाऊ आणि मार्क.

मग तो सौदा किफायतशीर होता की नव्हता? आमच्या टेबलावर हा प्रश्न मी पुन्हा टाकला तेव्हा 'शेवटी फळ आले ना, मग झाले' असे एकजण म्हणाला. मला ते पटत नाही. फळ आले म्हणून पेरणी शहाणपणाची होती असे सिद्ध होत नाही. १ फेब्रुवारीच्या दिवशी मेम्फिसला जे कळू शकत होते त्यावरून पाहिले तर पाऊला देण्याचा निर्णय योग्य, पण किंमत कमी घेतली, असे मी म्हणेन. मार्क चांगला निघेल इतके त्यांना कळण्यासारखे होते. तो थोरल्याच्या तोडीचा निघेल हे मात्र नशिबाचे दान. आणि दोन्ही संघांना एकाच व्यवहारात लाभ होऊ शकतो, ही गोष्ट आम्हा भांडणाऱ्यांच्या डोक्यात शिरतच नाही. लेकर्सला तीन वर्षे हवी होती, मेम्फिसला त्यानंतरची दहा. ज्याला जो काळ हवा होता तो त्याने घेतला.

डल्लासचे काय, ते खोलीमित्र मला अजून विचारतो. डेव्हिस तिथल्या पहिल्याच सामन्यात जखमी झाला, संघ बाद फेरीला मुकला, आणि मग मे महिन्यातील सोडतीत शंभरात दोनही नसलेली शक्यता खरी ठरून पहिल्या निवडीचा मान डल्लासलाच मिळाला. कूपर फ्लॅग आला. हे सौद्याचे यश म्हणायचे की निव्वळ दैव? मी म्हणतो दैव. पाऊ देताना मेम्फिसने निदान मार्कचे नाव कागदावर लिहून घेतले होते; डल्लासच्या कागदावर फ्लॅग कुठेच नव्हता. म्हणून सरांचे उदाहरण या खटल्याला पुरते लागू पडत नाही, असे मी सरांनाही सांगितले. ते म्हणाले, "बरं, मग २०२९ चा तो हक्क?"

तो ज्या मुलावर वापरला जाईल तो आज कुठल्या तरी शाळेत असेल. खोलीमित्राने माझ्याशी एका फीस्टची पैज मारली आहे. पाऊची सोळा नंबरची जर्सी लेकर्सने ७ मार्च २०२३ ला आपल्या छताला टांगली, समोर खेळायला त्या दिवशी मेम्फिसच होता. मार्कची तेहतीस नंबरची मेम्फिसने ६ एप्रिल २०२४ ला टांगली. सौद्यापासून तिथवर अनुक्रमे पंधरा आणि सोळा वर्षे लागली. या हिशेबाने आमची पैज कधी निकाली निघेल, आणि तेव्हा श्रीखंड वाढायला ही मेस तरी असेल का, कोण जाणे!