मुक्कामी गाडी

पहाटे मारुतीच्या पारापाशी एसटीचं इंजिन घरघरायला लागलं की माय चुलीवरचा तवा उतरवायची. भाकरी फडक्यात, फडकं दप्तरात आणि मी पाराकडे पळत. जिंतूर तालुक्यातलं आमचं गाव डोंगराकाठचं, शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर जिंतूर गाठायचं. जिंतूरला रेल्वे नाही. त्यामुळे माझं हायस्कूल त्या लाल गाडीच्या पायरीवरच सुरू झालं.

आमची गाडी मुक्कामी होती. म्हणजे संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन आली की ती आगारात परतायची नाही, गावातच राहायची आणि सकाळची पहिली फेरी तिथूनच निघायची. रात्री रिकामं परतणं नाही, पहाटे रिकामं येणं नाही. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर गाडीतच पथारी टाकत. दिवसाची रोकड कंडक्टरच्या उशाशी असे. आबा त्यांना कालवण नेऊन द्यायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "गाडी मुक्कामाला हाये तवर पोरगी शिकंल."

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. हैदराबाद संस्थानानं १९३२ सालीच २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली होती. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढं आमच्या रस्त्यांवरही एसटी रुळली. आज परभणी, जिंतूर, पाथरी आणि गंगाखेड ही जिल्ह्यातली चार आगारं. त्यांतून निघालेल्या गाड्या बाजार, कचेरी, दवाखाना आणि शाळा गावांना जोडून ठेवतात.

खासगी प्रवासी जीप भरल्याशिवाय हलत नाही. एसटी वेळ झाली की डबल बेल देऊन निघते, आत चार माणसं असोत की चाळीस. हाच दोघींतला फरक. पण चार माणसांच्या फेरीचा डिझेलखर्च कुणीतरी उचलावाच लागतो. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास मिळतो. महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना मोफत पास आहे. या सवलतींची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देतं. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेणाऱ्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्याही याच विचारातून आल्या.

थोड्या माणसांच्या गाडीचा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न एकट्या मराठवाड्याचा नाही. मोटारींच्या देशात, अमेरिकेतही, विरळ वस्तीच्या भागात ज्यांच्याकडे मोटार नाही ते म्हातारे, अपंग, गरीब अडकून पडतात. तिथं अनेक ठिकाणी आदल्या दिवशी फोन करून जागा सांगायची, मग छोटी बस दाराशी येते. तिकिटांत खर्च भागत नाही, म्हणून १९७८ पासून तिथलं केंद्र सरकार ग्रामीण बससेवेला पैसे देतं. लांबच्या, थोड्या माणसांच्या गावाला गाडी हवी असेल, तर तिचा भार सगळ्यांनी मिळून उचलावा लागतो. श्रीमंत देशालाही यातून सुटका नाही.

म्हणूनच फेरीचा निकाल किलोमीटरमागच्या उत्पन्नावर लागतो तेव्हा माझा जीव वर-खाली होतो. सकाळच्या फेरीला दहा मुली मोफत पासावर बसतात. गल्ल्यात त्यांचं नाणं पडत नाही. पण त्यांतली एखादी पुढं नर्स होते, एखादी ग्रामसेविका, एखादी माझ्यासारखी मास्तरीण. हा जमाखर्च कुठल्या वहीत मांडायचा?

जूनमध्ये वर्ग भरला की मी नव्या मुलींना आधी गाव विचारते, मग विचारते, "गाडी मुक्कामी आहे का गं?" उत्तर 'हो' आलं की त्या मुलीचं नाव मी मनातल्या मनात बारावीपर्यंत नेऊन ठेवते. 'नाही' आलं, तर त्याच आठवड्यात तिच्या घरी जाते.