तीन महिने सांगायचं नाही?

दिवस गेल्याचं तीन महिने कुणाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. नजर लागते म्हणा, नाहीतर गर्भ टिकतो की नाही ही धास्ती म्हणा. शेजारणीला नका सांगू, हरकत नाही. पण डॉक्टरांकडेही चौथा लागल्यावरच जायचं ठरवलं, तर एका आजाराचा अंदाज बांधायची वेळ हुकते.

तो आजार म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्यावर जातं, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, नाहीतर यकृत-मूत्रपिंडावर ताण येतो. हाताबाहेर गेलं की झटके. जगभरात शंभरातल्या दोन ते आठ गरोदर बायकांना हे होतं. लक्षणं दिसतात उशिरा, पण बिघाड असतो वारेच्या सुरुवातीच्या कामात. वारेच्या पेशींनी गर्भाशयाच्या भिंतीतल्या नागमोडी रक्तवाहिन्यांत शिरून त्या रुंद करायच्या असतात. गंगापूर धरणाच्या पाटावर शेती असलेल्याला हे लगेच कळेल: चारी खोदतानाच अरुंद राहिली, तरी ते समजतं आवर्तन सुटल्यावर.

चारी अरुंद राहतेय का, याचा सुगावा ११ ते १४ आठवड्यांत लागतो. आईची माहिती, दोन्ही दंडांवर मोजलेलं बीपी, गर्भाशयाच्या रोहिणीतला रक्तप्रवाह पाहणारा डॉप्लर आणि रक्तातलं पीएलजीएफ हे वारेत तयार होणारं प्रथिन, या चारांचं गणित मांडतात. ३७ आठवड्यांआधी बाळंतपण करावं लागेल इतका आजार पुढे ज्यांना होतो, त्यांतल्या सुमारे ७५ टक्के बायका यात सापडतात. मात्र दहातल्या एकीला उगाच धोक्याच्या यादीत बसावं लागतं, हेही खरं.

यादीत आलं तर पुढे काय? २०१७ साली ‘अ‍ॅस्प्रे’ चाचणीचा निकाल आला. धोका जास्त असलेल्या बायकांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलं. मुदतीआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया ७९८ पैकी १३ जणींना झाला. नुसती खोटी गोळी घेतलेल्या ८२२ पैकी ३५ जणींना. गोळी स्वस्त, पण सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झालेली बरी, आणि तीही डॉक्टरांनी सांगितली तरच. पूर्ण दिवस भरल्यावर होणाऱ्या आजारावर तिचा फारसा उपयोग दिसला नाही.

नाशिक शहरात एनटी स्कॅन, म्हणजे गर्भाची सुरुवातीची सोनोग्राफी, आता सर्रास होतो, तोही याच आठवड्यांत. त्याच टेबलावर डॉप्लरला काही मिनिटंच जास्त लागतात, विचारून घ्यावं. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरून आलेल्या बाईचं गणित वेगळं. दर महिन्याच्या ९ तारखेचं सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून चालू आहे, पण ते मुळात दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीसाठी. म्हणजे ती दारात येईपर्यंत मुहूर्त टळत आलेला.

तरी निम्मी तपासणी उपकेंद्रातही होते. पीएलजीएफ-डॉप्लर नसेल तिथे माहिती आणि बीपीवरून चाळणी लावा, असं स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटना ‘फिगो’ २०१९ पासून सांगते आहे. फक्त बीपी नीट मोजायला हवं. बाई चढण चढून धापा टाकत आलेली, पट्टा ड्रेसच्या जाड बाहीवरून गुंडाळलेला, वर नर्सबाई गप्पा मारताहेत. तो आकडा काय कामाचा? पाच मिनिटं बसवा, पाठ टेकू द्या, बाही वर करा.

आणि माहिती म्हणजे तरी काय? पहिलटकरीण आहे का, आधी बीपी, मधुमेह होता का, जुळं आहे का, आईला किंवा बहिणीला गरोदरपणात बीपीचा त्रास झाला होता का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोबत आलेल्या सासूबाईंकडे नसतं. त्यासाठी माहेरी फोन लावावा लागतो, आणि मग बातमी सांगावीच लागते.